चोर्ला घाटात तापणारी १९८४ ची पद्मिनी: कामाच्या नोंदी

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार, खंडेनवमी

गाडीची ओळख एकदाच लिहून टाकतो, बेळगावच्या आमच्या शेडमध्ये येणारा प्रत्येक जण तेच विचारतो. प्रीमियर पद्मिनी, १९८४, पेट्रोल, १०८९ सीसी, बोअर (सिलिंडरची रुंदी) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५, कंपनीच्या हिशोबानं चाळीस घोडे, त्यातले आता जिवंत किती ते कळेलच. गियरचा दांडा स्टिअरिंगला, चारी चाकांना ड्रम ब्रेक, मागं पाटे. गाडी मामाची, खानापूरला त्यांच्या शेडमध्ये कडब्याच्या शेजारी उभी होती, देताना मामा एवढंच म्हणाले की "ने, पण विकायचं नाव काढलंस तर माझ्याकडं यायचं नाही". कागद जिवंत आहेत. रिन्यूअलची फी मात्र ऑगस्टमध्ये वाढली, वीस वर्षांच्या वरच्या चारचाकीला आता १० हजार, आधी ५ होती, त्यामुळे यंदा तारीख चुकवून चालणार नाही. व्हिंटेजमध्ये घालून टाक म्हणून एक जण सुचवतो, पण त्याला गाडी ५० वर्षांची लागते, म्हणजे २०३४, तोवर मीच व्हिंटेज.

तक्रार एकच पण हट्टी. सपाटीला पन्नास-साठनं चालवा, गाडी गुणी, बैलहोंगल म्हणा संकेश्वर म्हणा कुठंही जावा. गोव्याकडून येताना केरी सोडून चोर्ला चढायला लागलं की काटा वर सरकतो, निम्म्या घाटात लाल पट्टी, थांबवली की मग बराच वेळ स्टार्टच होत नाही, आणि थंड झाली की जसं काही झालंच नाही अशी निघते.

आज काम नाही. आयुधपूजेला गॅरेजं बंद, रस्त्यावर प्रत्येक टेम्पोपुढं कोहळा फुटलेला, आम्हीपण पाने, टॉर्क रेंच, ग्राइंडर, फीलर गेज सगळं पाटावर मांडून हळद-कुंकू लावलं. त्यात जीपवाल्यानं गेल्या वर्षी नेलेला १७ चा रिंग पाना नव्हता, त्याची पूजा त्याच्याकडंच होऊ दे.

५ ऑक्टोबर, रविवार

दरबार भरला. नावं घालत नाही, कामावरून ओळखा. वडगावचा म्हणजे उद्यमबागेत फाउंड्रीत क्वालिटीला असतो, तो मोजल्याशिवाय चहात साखर घालत नाही. जीपवाला खानापूरचा, त्याच्याकडं महिंद्राची एमएम ५४० आहे आणि जगातल्या सगळ्या रोगांवर त्याच्याकडं एकच औषध, ग्रीस. चंदगडचा पाव्हणा, एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर पासिंगवाला, दर पंधरवड्याला येतो, जाताना हद्दीच्या अलीकडं टाकी फुल करून जातो आणि वर म्हणतो तुम्हाला भेटायला आलतो.

मी काय होतंय ते सांगितलं, प्रत्येकानं आपला निकाल लगेच दिला.

"कॉइल. ठिणगीचा करंट तीच देते, तापली की मरते, थंड झाली की उठते. शंभर टक्के कॉइल." (जीपवाला)

"हेड गास्केट गेलंय गा, दुसरं काय." (पाव्हणा)

"तू कशावरून म्हणूलास?"

"आमच्या काकाच्या गाडीचं तसंच झालतं की."

वडगावचा तोवर बॉनेटमध्ये डोकं घालून गप्प, मग म्हणाला, तुम्ही दोन रोगांना एक समजूलाय. चढावर तापणं वेगळं, थांबल्यावर सुरू न होणं वेगळं. दोन्ही एकाच जागी होतात म्हणून एकच कारण असेल असं नाही. हे मला पटलं. वहीत दोन पानं केली, एकावर तापणे, दुसऱ्यावर उठत नाही.

एक भांडण पान्यावरनं झालं ते पण लिहितो कारण उपयोगाचं आहे. जीपवाल्यानं मॅनिफोल्डच्या (इंजिनाचा धूर बाहेर नेणारा बिडाचा पाइप) १४ च्या नटाला त्याचा ९/१६ चा पाना लावला, म्हणे बसतोय की. बसतो, पण ९/१६ म्हणजे १४.२९ मिमी, तो ०.२९ चा ढिलेपणा गंजलेल्या नटाचे कोपरे खायला पुरतो. फियाट घराणं सगळं मिमीत आहे, अँबेसिडर आणि जुन्या जीपा इंचात, दोन पेट्या एकमेकीत मिसळल्या की नट गोल झालाच समजायचा. वडगावच्यानं पाना हातातनं काढून घेतला आणि सहा कोनी गोटी पाना दिला, बाराकोनी पण नको म्हणाला, गंजलेल्याला सहाच कोनाचा, तो नटाच्या सपाट अंगाला धरतो, कोपऱ्याला नाही. वर अर्धं एटीएफ (ऑटोमॅटिक गियरबॉक्सचं ऑइल) अर्धं ॲसिटोन असं मिश्रण थेंब थेंब सोडून रात्रभर ठेवायचं. ॲसिटोन उडून जातं म्हणून बाटलीचं झाकण लावा आणि विडी लांब.

१२ ऑक्टोबर, रविवार

पाव्हण्याच्या काकाच्या गाडीचा निकाल लावायचा, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधलं गास्केट खरंच गेलंय का बघायचं, म्हणून सिलिंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज लावलं. चारी प्लग काढले, कॉइलची वायर सोडली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून (हे लोक विसरतात, थ्रॉटल बंद असेल तर हवाच आत जात नाही आणि आकडा उगाच कमी येतो) सेल मारला. १२५, १२०, १२२, ११८ पीएसआय (दाबाचं माप). सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्यात दहा टक्क्यांच्या आत फरक, शेजारशेजारचे दोन एकदम पडलेले नाहीत. गास्केट दोन सिलिंडरच्या मध्ये फुटलं असतं तर जोडीनं पडले असते. चौथ्यात चमचाभर ऑइल घालून परत बघितलं, थोडा वाढला, म्हणजे पिस्टनच्या रिंगा म्हाताऱ्या झाल्यात पण पेन्शनीत नाहीत. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालवलं, पाण्यात बुडबुडे नाहीत.

पाव्हण्याला फोन केला. म्हणाला गेज खराब असंल.

हेडबद्दल एक गोष्ट मात्र मनात धरून आहे. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. दोन्ही धातू सारखे पसरत नाहीत, त्यामुळे गाडी तापलेली असताना घाबरून गार पाणी ओतलं तर हेड वाकायला वेळ लागत नाही. मग उद्यमबागेत नेऊन फेस मारून (मशीनवर सपाट करून) आणा, नवीन गास्केट, परत टॉर्क, मधनं बाहेरच्या दिशेनं टप्प्याटप्प्यानं. घाटात उभं राहून बाटलीनं पाणी घालणाऱ्या सज्जनांना हे सांगायचं, झाकण हाताला लागेल एवढं गार झाल्याशिवाय हात लावू नका, आणि घालायचंच तर इंजिन चालू ठेवून थोडं थोडं.

१९ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी तोंडावर, घरात फराळाचा वास आणि मी रेडिएटरपाशी. इन्फ्रारेड थर्मामीटरची बंदूक आणलीय वडगावच्यानं. चकचकीत पितळ-तांब्यावर ती खोटं बोलते, म्हणून रेडिएटरवर जागोजागी काळी टेप चिकटवून तिच्यावर नेम धरला. वरची टाकी ८८, मधला भाग ७५ ते ८०, आणि खाली डावीकडच्या कोपऱ्यात चांगला हातभर पट्टा ५० च्या आसपास. गार म्हणून खूष व्हायचं नाही, तिथनं पाणीच जात नाहीये म्हणून गार. नळ्या बुजल्यात.

कारण सगळ्यांना माहीत असलेलं, बोअरवेलचं पाणी. आमच्याकडचं बोअरवेलचं पाणी बादलीला पांढरी रेघ काढतं, ते चाळीस वर्षं रेडिएटरला पाजलं तर आत चुनखडीच होणार. वर कूलंट कोण घालत नाही, पैसे जातात म्हणून. कूलंट म्हणजे नुसता हिरवा रंग नव्हे, त्यात गंज अडवणारं असतं, ॲल्युमिनियमच्या हेडला तर ते पाहिजेच.

अजून एक हिशोब वडगावच्यानं मांडला. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर वर, इथं उघड्या पातेल्यात पाणी ९७ अंश आणि वर थोडं एवढ्यालाच उकळतं, शंभरला नाही. त्यामुळे झाकणाचं प्रेशर धरलंच पाहिजे, साधारण एका पीएसआयला दीड अंशाच्या वर फायदा मिळतो. आमच्या झाकणाचं रबर दाताखाली धरलं तर कुडकुड वाजेल इतकं वाळलेलं. नवीन घेतलं. रेडिएटर काढून वरची-खालची टाकी सोडवून नळ्यांतनं पट्टी घालून साफ करणारा आणि परत डाख देणारा एक म्हातारा शहापुरात अजून आहे, त्याच्याकडं टाकला. तो म्हणाला दिवाळी झाल्यावर, आणि दिवाळी कुठली ते सांगितलं नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

गावात कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, आम्हा मराठी लोकांकडं काळा दिन, रस्ते अडलेले, पार्ट आणायला जायचा प्रश्नच नाही. घरातच डिकीतला जॅक काढला, स्क्रू पार जाम, गंजून तांबडालाल. इलेक्ट्रोलिसिसला घातला.

कृती विचारतात म्हणून लिहितो. प्लॅस्टिकची बादली, पाणी, त्यात धुण्याचा सोडा, लिटरला एक चमचा पुरतो. मीठ नको, त्यानं क्लोरीन सुटतो. बाजूनं बांधकामाच्या सळईचे तुकडे उभे, ते बॅटरी चार्जरच्या पॉझिटिव्हला, जॅक निगेटिव्हला, दोन्ही एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. उलटं लावलं तर जॅक खाल्ला जातो आणि सळई चकचकीत होते. स्टेनलेसचा चमचा वगैरे टाकायचा मोह होतो, टाकू नका, त्यातलं क्रोमियम पाण्यात विषारी होऊन उतरतं. हायड्रोजन सुटतो म्हणून पडवीत, चुलीपासून लांब, आणि तारा काढायच्या आधी चार्जर बंद. संध्याकाळी काढला तर वरचा थर काळ्या चिखलासारखा ब्रशानं निघाला, खाली कंपनीनं ठोकलेली अक्षरं दिसायला लागली. लगेच पुसून ऑइल, नाहीतर वाळेपर्यंत परत तांबूस होतो.

आई म्हणाली, बादली माझी होती.

९ नोव्हेंबर, रविवार

रेडिएटर आला, बसवला, कूलंट घातला, हवा काढली, फॅन बेल्ट बोटानं दाबून साधारण एक सेंटिमीटर झोल ठेवला. केरीपर्यंत उतरून परत चढून बघितलं. तापणं उशिरा सुरू होतं, पण होतं. आधी निम्म्या घाटात लाल, आता वरच्या वळणांच्या जवळ. म्हणजे रेडिएटर दोषी होता पण एकटा नव्हता.

उठत नाही हे दुसरं पान मात्र आज मिटलं. वर गाडी बंद पडली तेव्हा जीपवाला कॉइल कॉइल करत होता, त्याच्याच समोर प्लगची वायर काढून स्पार्क टेस्टर लावला, ठिणगी निळी, कडक. म्हणजे करंट आहे. मग कार्ब्युरेटरचं वरचं झाकण उघडून बघितलं तर वाटीत पेट्रोल नाही. फडका ओला करून पेट्रोल पंपावर (इंजिनला लावलेला, रस्त्यावरचा नव्हे) ठेवला, थोडा वेळ गेला, सेल मारला, निघाली. पेट्रोलची वाफ पंपात अडकते, पंप द्रव ओढायच्या जागी वाफच दाबत बसतो. जुने टॅक्सीवाले ओला फडका घेऊनच घाट चढायचे ते उगाच नाही.

खालनं बघितलं तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. पेट्रोलची नळी कुणीतरी मागं कधी बदलताना मॅनिफोल्डच्या इतक्या जवळनं नेलीय की हात घातला तर चटका, आणि पंपाखालची उष्णता अडवणारी जाड पट्टी तडकलेली. वर नळी स्वतः आतनं फुगून मऊ, कापली तर आतलं रबर नखानं निघतं.

इथं पेट्रोलचा विषय निघालाच. आता पंपावर मिळतं ते ई २०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल, आणि १९८४ च्या रबराला हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

"ऊस आपल्या जिल्ह्यातला, कारखाने आपले, डिस्टिलऱ्या आपल्या, मग नळीपण आपलीच सडणार की." (जीपवाला)

"मी तर ऊसपण घालतो आणि पेट्रोलपण भरतो, दोन्हीकडनं मीच." (पाव्हणा)

नळी घेताना नुसतं 'पेट्रोलची द्या' म्हणायचं नाही, अंगावर एसएई जे ३० आर ९ छापलेली बघून घ्यायची, तिचा आतला थर इथेनॉलला टिकतो. तीपण मॅनिफोल्डपासून लांब वळवून क्लिपा मारल्या. पंपाचा डायफ्राम आणि कार्ब्युरेटरचं ॲक्सिलरेटर पंपाचं रबर पण बदललं.

दुसरी भानगड मिश्रणाची. नुसत्या पेट्रोलला एक किलोमागं १४.७ किलो हवा लागते, ई २० ला साडेतेराच्या आसपास पुरते. नवीन गाडीत सेन्सर आणि कॉम्प्युटर ते सांभाळून घेतात, आमच्या सोलेक्स कार्ब्युरेटरला कुठला सेन्सर, जेटच्या भोकातनं जेवढं येईल तेवढंच, म्हणजे गाडी आपोआप लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालते. लीन म्हणजे चढावर गरम. प्लग काढले तर पोर्सिलिन पांढरंफटक. मेन जेट एक नंबर मोठा लावला, आता प्लग चहाच्या रंगाचे येतात. ॲव्हरेज विचारू नका.

१६ नोव्हेंबर, रविवार

अजून तापते. कमी, पण तापते. वडगावच्यानं आज टायमिंग लाइट (ठिणगी पडते त्या क्षणी चमकणारा दिवा) आणला, क्रँक पुलीवरच्या खाचेला व्हाइटनर लावला आणि आयडलला लाइट मारला. खूण असायला पाहिजे त्याच्या मागं. ठीक, थोडी रिटार्ड आहे, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. मग मला म्हणाला रेस कर. केली. पांढरी रेघ जिथल्या तिथं. अजून कर म्हणाला, आवाज घुमला, समोरच्या घरातले काका गॅलरीत आले, रेघ तसूभर हलली नाही.

हे बघायची गंमत होती. इंजिन पळायला लागलं की ठिणगी लवकर पडायला पाहिजे, कारण पेट्रोल जळायला जो वेळ लागतो तो तेवढाच राहतो पण पिस्टन मात्र आता जोरात येतोय. त्यासाठी डेल्कोच्या (चारी प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) पोटात दोन वजनं असतात, फिरण्याच्या वेगानं ती बाहेर फाकतात आणि कॅमला पुढं ढकलतात. आमची वजनं हलतच नाहीत. मग चढावर तिसऱ्या गियरमध्ये इंजिन ओढत असताना ठिणगी उशिरा, जाळ पिस्टन खाली निघाल्यावर पण चालूच, उरलेली आग एक्झॉस्टमधनं, हेड आणि पाणी तापणार नाही तर काय होणार. सपाटीला कळत नाही कारण तिथं ॲक्सिलरेटरवर जोरच नसतो.

पाव्हणा आज नव्हता. असता तर गास्केट म्हणाला असता.

२३ नोव्हेंबर, रविवार

मिस्त्री आले. बैलहोंगलकडचे, वय झालेलं, फियाटी आणि अँबेसिडर हयातभर केल्या, बोलताना निम्मं कन्नड निम्मं मराठी आणि शिव्या दोन्हीतल्या. आम्ही लाइटची गोष्ट सांगायला लागलो तर "तडीरी, तडीरी" (थांबा, थांबा) म्हणत डेल्कोचं झाकण काढलं, दोन बोटांत रोटर धरला, फिरायच्या दिशेनं पिळला आणि सोडला. स्प्रिंगनं तो टपकन मागं यायला पाहिजे. आला नाही, जिथं नेला तिथंच बसला.

"नोडरी (बघा). ह्याला लाइट कशाला लागतंय तम्मा (धाकट्या भावा)."

वडगावचा म्हणाला, लाइटनं पण हेच सांगितलं मिस्त्री. मिस्त्री म्हणाले, "सांगितलं की. पण लाइटला किती पैसे दिलास?"

मग दोघं मिळून बसले आणि ते काम बघत राहावं असं होतं. डेल्को बाहेर काढायच्या आधी मिस्त्रींनी रोटरचं तोंड कुठं आहे ते खडूनं बॉडीवर आणि डेल्कोच्या कडेची रेघ ब्लॉकवर मारून घेतली, परत बसवताना १-३-४-२ हा ठिणगीचा क्रम शोधत बसायला नको म्हणून. प्लेट काढली. खाली वजनांच्या खिळ्यांवर जुनं ग्रीस लाखेसारखं कडक झालेलं, कुणीतरी मायेनं भरपूर घातलं होतं. सगळ्यांनी जीपवाल्याकडं बघितलं. "माझी गाडीच नव्हे ती," असं तो म्हणाला.

रॉकेल, दात घासायचा ब्रश, लाकडाची काडी. वजनं सुटल्यावर दोन स्प्रिंगा निघाल्या, एक जाड एक बारीक, जाड वाली लूज. वडगावच्याला लगेच दोन्ही सारख्या करायच्या होत्या, एक बदललीय वाटतंय म्हणाला. मिस्त्रींनी हात धरला. मुद्दाम वेगळ्या असतात, सुरुवातीला बारीक एकटी ओढते म्हणून ॲडव्हान्स (ठिणगी लवकर पडणं) पटकन येतो, पुढं जाड लागू होते आणि आवरते. दोन्ही जाड घातल्या तर खालनं गाडी मेल्यासारखी, दोन्ही बारीक तर वर नॉकिंग. वडगावच्यानं वहीत लिहून घेतलं, हे मी बघितलं.

पॉइंटचा (उघडला की ठिणगी पडते तो डेल्कोतला स्विच) गॅप ०.४५ मिमीच्या आसपास पाहिजे तो ०.२५ भरला. पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासून झिजलीय, कारण कॅम कोरडाठाक, वजनांवर डोंगरभर ग्रीस आणि जिथं पाहिजे तिथं टिपूस नाही. गॅप कमी झाला की पॉइंट उशिरा उघडतो आणि टायमिंग आपोआप मागं जातं, म्हणजे आयडलची ती रिटार्ड खूण त्याची. नवीन पॉइंट, कॅमवर अगदी नखभर ग्रीस, रोटरखालच्या नमद्यावर ऑइलचे दोन थेंब, वजनांना पातळ ऑइल आणि बस. जास्त घातलं तर फेकलं जाऊन पॉइंटवर बसतं आणि जळतं.

बसवून लाइट मारला. रेस केल्यावर पांढरी रेघ सुळकन पुढं गेली आणि सोडल्यावर परत आली. मिस्त्री लाइटमधनं बघायला वाकले, दोनदा रेस करायला लावली, आणि लाइट कुठं मिळतो ते हळूच विचारलं.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन घाल, पॉइंटची कटकट नको, असा सल्ला तीन वेगवेगळ्या माणसांनी दिलाय. पॉइंट जाईल पण वजनं तीच राहतात, ती जाम असती तर इलेक्ट्रॉनिकनं पण उशिराच ठिणगी पाडली असती. नंतर बघू.

७ डिसेंबर, रविवार

घाटाचा विषय बाजूला, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा. मॅट उचलली की रस्ता दिसतो, पावसाळ्यात चप्पल भिजते. खानापूर भागात चार महिने जो पाऊस पडतो तो सगळा या गाडीनं पायाखालनं बघितलाय.

नेहमीच्या आर्क वेल्डिंगवाल्याला दाखवू नका, पातळ पत्र्याला तो भोकच पाडतो. सीओटू वेल्डिंगवाला शोधला, २० गेजचा सीआर पत्रा. किती कापायचं यावर परत वाद, मी गंजलेला भाग दिसतो तेवढाच म्हणत होतो, वडगावचा ग्राइंडर घेऊन चकचकीत धातू लागेपर्यंत मागं मागं गेला आणि तुकडा दुप्पट झाला. बरोबरच होतं, गंजक्या कडेला वेल्ड धरत नाही. एका दमात रेघ न ओढता इकडं एक टाका, तिकडं एक टाका, मध्ये थंड होऊ द्यायचं, नाहीतर पत्रा पापडासारखा फुगतो. टाके मारायच्या आधी पेट्रोलची लाइन त्या बाजूनं जाते का ते बघितलं आणि बॅटरीची वायर काढली. वरनं झिंक प्राइमर, सांध्यात सीलर, खालनं अंडरकोट. दुपारी लाइट गेली, मग जेवण लांबलं.

पत्रा कुठला चांगला, फाउंड्री कुठली चांगली यावरनं गप्पा किर्लोस्करांवर गेल्या, जातातच. लक्ष्मणरावांनी सायकलदुरुस्तीचं दुकान १८८८ मध्ये काढलं ते बेळगावात, किर्लोस्करवाडी १९१० ची. पाव्हण्याचं म्हणणं की म्हणजे खरं श्रेय तुमचं नाही, वाडी महाराष्ट्रात आहे. त्याला चहा दिला नाही.

२५ डिसेंबर, गुरुवार

चोर्ला. मी आणि मागं जीपवाला त्याच्या जीपनं, ओढून आणायला लागली तर. कणकुंबीला थांबून बॉनेट उघडलं, हाताला सगळं ठीक, खाली केरीला अंजुणे धरणाच्या काठानं वळवली आणि परत वर. सुट्टीचं गोव्याचं ट्रॅफिक, पुढं ट्रक, दुसऱ्या गियरमध्ये रांगत, म्हणजे परीक्षा नेहमीपेक्षा कडक. काटा मध्याच्या थोडा वर गेला आणि तिथंच थांबला. वर आल्यावर मुद्दाम बंद केली, मॅगी आणि चहा झाला, सेल मारला, एका हाकेत उठली. ओला फडका घेतला होता, काच पुसायला वापरला.

ओढतेपण चांगली. तिसरा टाकल्यावर पूर्वी कुरकुरत मरायची तिथं आता जाते. चाळीसातले बरेच घोडे घरी आले म्हणायचे.

जीपवाला वर पोचला तेव्हा त्याच्या बॉनेटमधनं वाफ येत होती. आम्ही कोणी काही बोललो नाही, पाव्हण्याला फक्त फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं: हेड गास्केट.

११ जानेवारी २०२६, रविवार

पुढचं काम किंगपिन (पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या पिना) आणि त्यांचे बुश, स्टिअरिंग डावीकडं हात सोडून बघत राहतं. पार्ट आता सोपे राहिले नाहीत. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरनं उतरली, तोवर कुर्ल्यात तरी फियाटचं सगळं मिळायचं, आता त्या मालाला गिऱ्हाईक म्हणजे आपल्यासारखे चार खुळे. कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात एकदा जाऊन येणार, पिन नाही मिळाली तर तिथंच लेथवर बुश करून घ्यायचे, ब्रॉन्झचे, ग्रीसची खाच पाडून, आणि पिन बसवून रीमर मारून. जुनी पिन तीन जागी मायक्रोमीटरनं मोजून आकडे लिहून न्यायचे, 'ह्याच्यासारखी द्या' म्हणून झिजलेला नमुना पुढं केला तर नवीन वस्तू पण झिजलेल्याच मापाची मिळते.

उसनवारीची यादी, शेडच्या दारावर लावलीय तीच इथं: १७ चा रिंग पाना, जीपवाला. टॉर्क रेंच, वडगावचा, त्यानं कॅलिब्रेट करून देतो म्हणून नेलाय. कॉम्प्रेशन गेज, पाव्हणा, तो खराब आहे म्हणत होता तरी नेलाय. टायमिंग लाइट, मिस्त्री.